पहिलं पाणी हंड्याला

मी बुरशीवर पीएचडी केली. हे मी मान वर करूनच सांगते, कारण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पुढे काय उमटणार ते मला पाठ झालं आहे. आधी भुवया वर जातात, मग नाक मुरडलं जातं, मग ठरलेला विनोद येतो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी तर तोंडावर विचारलं होतं, "बुरशी शोधायला एवढ्या लांब कशाला जातेस गं? आमच्या मोरीच्या भिंतीवर ढीगभर आहे, खरवडून ने." मी म्हटलं, "काकू, तुमची गोड्या पाण्यातली. मला खाऱ्या पाण्यातली लागते." त्यांना काही कळलं नाही, पण त्या गप्प बसल्या आणि मला तेवढंच हवं होतं.

खाऱ्या पाण्यातली म्हणजे मालाडच्या खाडीतली. ओहोटीच्या वेळी तिथल्या खारफुटीत उतरायचं, गुडघाभर चिखलातून चालायचं आणि सडलेल्या लाकडांचे तुकडे पिशवीत भरून आणायचे. त्या लाकडांवर जी बुरशी असते ती अंधेरीला आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये, काचेच्या चंबूत, समुद्राच्या पाण्यात साखर घालून वाढवायची. दोन-तीन आठवड्यांत ती पाण्यात एक चिकट पदार्थ सोडते. ते पाणी गाळून त्यात थंडगार अल्कोहोल ओतलं की पिंजलेल्या कापसासारखे पांढरे धागे तरंगायला लागतात. ती बहुशर्करा, म्हणजे साखरेचे मणी ओवून झालेली लांबच लांब माळ. ते धागे मला पहिल्यांदा दिसले तेव्हा मी एकटीच होते आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या होत्या.

कापलेलं सफरचंद काळं पडतं, लोखंड गंजतं, तसलं काहीतरी आपल्या शरीरातही सतत चालू असतं. त्याला अडवणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. खाडीतल्या बुरशीच्या बहुशर्करेत हा गुण असतो, पण थोडासाच. तो वाढवायचा तर त्या माळेला रसायनाने काहीतरी जोडावं लागतं. मी गॅलिक आम्ल जोडत होते, जे हिरड्यात आणि आवळ्यात असतं. वडिलांना हे एकदा जेवताना समजावलं. ते साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये नळांना पॉलिश मारायचे, त्यामुळे गंज हा त्यांचाच विषय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तू गंज उतरवणार नाहीस. चढूच देणार नाहीस." माझ्या कामाचं इतकं सोपं वर्णन पुढे कुठल्याही तज्ज्ञाला जमलं नाही.

आमचं घर घाटकोपरला, असल्फाच्या डोंगरावर. आईवडील मराठवाड्यातून आलेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, वैशाखी पौर्णिमेला खीर, आणि बाकी वर्षभर एकच धोशा: पोरगी शिकली पाहिजे. आई चार घरी पोळ्या करून यायची. मी दहावीच्या पुढे गेलेली घरातली पहिली, आणि लॅबचा पांढरा कोट घालणारी अख्ख्या गल्लीतली पहिली. त्यामुळे माझी पीएचडी ही माझ्या एकटीची नव्हतीच. दुकानदार विचारायचा, "ताई, झालं का डॉक्टर?" मी म्हणायचे, "होतंय." चार वर्षं मी "होतंय" म्हणत होते.

शेवटी ते खरंच होत आलं. फेलोशिप संपायला दोन महिने राहिले होते. समितीपुढे शेवटचं सादरीकरण ठरलं होतं, ते झालं की प्रबंध जमा करायचा. एका कॉलेजात शिकवायची जागा तोंडी पक्की झाली होती, पण प्रबंध जमा झाला असेल तरच. सगळं एका रांगेत उभं होतं, आणि त्या रांगेच्या टोकाला मी काय घोळ घालून ठेवला होता ते आता सांगते.

जोडणी झाल्यावर सगळ्यात कंटाळवाणं काम उरतं, ते म्हणजे धुणं. माळेला न चिकटलेलं गॅलिक आम्ल द्रावणात मोकळं फिरत असतं. ते काढलं नाही तर तपासणीत गुण माळेचा की मोकळ्या आम्लाचा हे कळणारच नाही. त्यासाठी एक पारदर्शक पिशवी मिळते, लांब नळीसारखी. तिची भोकं इतकी बारीक असतात की लहान रेणू बाहेर निघून जातात आणि लांब माळ आतच राहते. पिशवीत द्रावण भरायचं, दोन्ही टोकं बांधायची आणि डिस्टिल्ड पाण्याच्या मोठ्या भांड्यात ती चार दिवस बुडवून ठेवायची. पाणी दिवसातून तीनदा बदलायचं. बदलायचं म्हणजे जुनं फेकायचं आणि नवं घ्यायचं. इथेच मी माती खाल्ली.

त्या उन्हाळ्यात पाणीकपात होती. लॅबचं पाणी मामांच्या हातात असायचं. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट, मालवणकडचे, निवृत्तीला टेकलेले. डिस्टिल्ड पाण्याचं मशीन तेच लावायचे. ते मशीन तासाभरात जेमतेम एक-दोन बाटल्या पाणी देतं आणि ते थंड ठेवायला नळाचं कितीतरी पाणी वाहून जातं. मामा ते वाहणारं पाणी बादल्यांत धरून त्याने कॉरिडॉर पुसून घ्यायचे. टाकी रिकामी असली की दारातूनच सांगायचे, "आज मशीन लावूचा नाय गो चेडवा. टाकीत थेंब नाय."

माझी तीन भांडी टेबलावर ओळीने मांडलेली. पहिल्या दोन भांड्यांत गॅलिक जोडलेली बहुशर्करा, तिसऱ्यात काहीही न जोडलेली, मूळची. पहिल्या भांड्याचं पाणी बदलायची वेळ झाली की ते मोरीत ओतायला माझा हात धजेना. पाणी दिसायला एकदम स्वच्छ. मी ते दुसऱ्या भांड्यात घालायचे, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. नवं पाणी मिळायचं ते पहिल्याला, तेही दिवसातून एकदाच. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही त्यावर विचार केला नव्हता. ज्या घरात पाण्याचा प्रत्येक तांब्या दोन-तीन कामं करूनच गटारात जातो त्या घरातली मी. हातांनी ते आपोआप केलं.

तपासणी सोपी असते. गडद जांभळा द्रव घ्यायचा, त्यात आपला पदार्थ घालायचा आणि अर्धा तास बंद कपाटात, अंधारात ठेवायचा. पदार्थात गुण असेल तर जांभळा उडून पिवळा होतो. माझ्या नळ्यांमध्ये तो असा झरझर पिवळा झाला की मॅडमनी मला मिठीच मारली. मॅडम म्हणजे माझ्या गाईड. कडक बाई, सहसा "बरं" यापलीकडे न जाणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी स्वतः चहा मागवला आणि आम्ही लेखाचं शीर्षक काय द्यायचं यावर बोलत बसलो.

पण तिसरी नळीसुद्धा पिवळी झाली होती. तिसरी म्हणजे मूळची, जिला मी काही जोडलंच नव्हतं. हिवाळ्यात हीच बहुशर्करा तपासली होती तेव्हा तिने जांभळ्याला नुसतं हात लावून सोडलं होतं. मी मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "बघ, तुझी बुरशीच मुळात दमदार आहे." मी मान हलवली. परंतु मेट्रोने घरी जाताना डोक्यात तेच. शाळेत नापास होणारं पोर एका महिन्यात पहिलं आलं तर बाई आधी त्याची पाटी बघतात ना? तसं काहीतरी मला टोचत होतं.

रविवार उजाडला. आमच्याकडे नळाला सकाळी तासभर पाणी येतं आणि त्या तासात आईचा अंमल सुरू होतो. तिच्या बादल्या ओळीने लागलेल्या असतात आणि कुठली कशाची हे फक्त तिलाच माहीत. मी भांडी घासून विसळत होते, डोक्यात तिसरी नळी. पिण्याचा हंडा रिकामा झाला होता. मी शेजारच्या बादलीतलं पाणी घेतलं आणि त्याने हंडा विसळायला लागले.

"अगं ए!" आई आतून ओरडली. "डोळे फुटले का तुझे? हंडा कशानं धुतेस?"

"स्वच्छ आहे आई. बघ की, कसं नितळ दिसतंय."

"दिसतंय म्हणून काय झालं? कपडे पिळलेलं पाणी हाय ते. साबण डोळ्याला दिसतो का?" तिने माझ्या हातातून हंडा ओढून घेतला. "पहिलं पाणी हंड्याला. मग भाजीला, मग कपड्याला, मग मोरीला. पाणी खाली उतरतं, वर चढत नसतं. एवढी शिकलीस आणि हे तुला कळंना?"

मी ओल्या हातांनी तशीच बसून राहिले. मी लॅबमध्ये हेच केलं होतं. मोकळ्या आम्लाने भरलेलं पाणी मी पहिल्या भांड्यातून तिसऱ्याला पाजत होते. सगळ्यात घाण पाण्याने सगळ्यात स्वच्छ वस्तू धूत होते, आणि पहिल्या दोघांचंही धुणं अर्धवटच राहिलं होतं. चार वर्षांच्या कामाचा कळस म्हणून जो पिवळा रंग मी फोनमध्ये काढून गल्लीभर दाखवला होता, तो बहुशर्करेचा होता की उरलेल्या गॅलिकचा, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. आणि आमच्या घरी देव नाही.

मला भीती वाटली, अगदी नागडी भीती. पहिला विचार आला तोही सांगून टाकते: कुणाला कळणार आहे? दुपारपर्यंत मी तो विचार कुरवाळत बसले. संध्याकाळपर्यंत त्याचीच चीड आली.

सोमवारी लॅबमध्ये नव्या खेपेचं धुणं चालूच होतं, त्याच पद्धतीने. मी त्या ओळीत चौथं भांडं लावलं. त्यात एक पिशवी बुडवली आणि पिशवीत फक्त शुद्ध पाणी. ना बुरशी, ना साखर, काहीच नाही. तिसऱ्या भांड्यातून निघालेलं पाणी चौथ्यात घालत गेले. मामा बाजूला उभे राहून बघत होते.

"रिकामी पिशवी कित्याक धुतस गो?"

"मामा, बघू या ती रिकामी राहते का."

दोन दिवसांनी पिशवीतलं पाणी काढून जांभळ्या द्रवात घातलं आणि अर्ध्या तासाने कपाट उघडलं. नळीत पिवळं. काहीच नसलेल्या पिशवीने माझ्या चार वर्षांच्या बुरशीइतकाच रंग उडवला होता. मामांनी नळी उजेडात धरली आणि विचारलं, "म्हणजे बुरशीन काय केल्यान नाय?" मी म्हटलं, "केलंही असेल मामा. किती केलं ते मात्र आता कुणाला सांगता येणार नाही." त्यांनी नळी जपून स्टँडमध्ये ठेवली आणि मशीनकडे गेले.

मॅडमसमोर मी ती नळी ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"रिकाम्या पिशवीचं तुला कुणी विचारलंय का?"

"नाही मॅडम."

"मग? झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रबंधात शेवटी 'पुढील संशोधन' असतं ना, तिथे लिही की शुद्धीकरण आणखी काटेकोर करता येईल. खोटं नाही ते."

"खोटं नाही, पण खरंही नाही मॅडम."

त्या चिडल्या. म्हणाल्या, "अगं, फेलोशिप संपतेय तुझी. नोकरी जाईल. तुझ्यासारख्या मुलींना लोक दुसरी संधी देत नाहीत. मला माहीत आहे, कारण मलाही दिली नव्हती."

त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्या माझ्याच बाजूने बोलत होत्या हे मला तेव्हाही कळत होतं. पण "तुझ्यासारख्या" हा शब्द मला असा झोंबला की आजही त्या खोलीतला पंखा आठवतो. मी म्हटलं, "दुसरी मिळणार नसेल तर मग पहिलीच नीट वापरते." आणि उठून आले.

सादरीकरणाच्या दिवशी मी तिसऱ्याच स्लाइडला रिकामी पिशवी दाखवली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. जांभळा रंग कसा उडाला, मूळच्या बहुशर्करेने कसा उडवला, मग काहीच नसलेल्या पाण्याने कसा उडवला, आणि माझ्या कुठल्या चुकीमुळे हे झालं, सगळं सांगितलं. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात कसं घातलं तेही. हॉलमध्ये पाच माणसं होती आणि पाचही जणांनी एकदमच खुर्च्या सरकवल्या. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या.

बाहेरून आलेले एक सर होते. ते हसून म्हणाले, "तुम्ही कुठल्या भागातून येता ते मी फॉर्मवर वाचलं. तिथे पाण्याची काटकसर असणारच, समजू शकतो. पण घरच्या सवयी घरीच ठेवाव्यात. लॅब म्हणजे झोपडपट्टी नव्हे."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. दोन जण कसनुसे हसले. माझे कान तापले. मी हातातला पॉइंटर बंद केला.

"सर," मी म्हटलं, "माझ्या घरी पिण्याचा हंडा वापरलेल्या पाण्याने कधीच धुतला जात नाही. आई चौथी शिकलीय. पाण्यात जे दिसत नाही तेही असतं, हे तिला माहीत आहे. मला माहीत असूनही मी विसरले. घरची सवय मी अर्धीच लॅबमध्ये आणली. पूर्ण आणली असती तर ही स्लाइड दाखवायची वेळ आली नसती. चूक माझी आहे, माझ्या घराची नाही. आणि ती सापडली तीसुद्धा माझ्या घरच्या मोरीत."

सर म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, भावनिक होऊ नका." मी भावनिक होतेच, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. समितीने निर्णय दिला की जोडणीपासूनचं सगळं काम पुन्हा करा. सहा महिने. म्हणजे फेलोशिप गेली आणि नोकरीही गेली. मी कॉरिडॉरमध्ये येऊन मामांच्या स्टुलावर बसले आणि मनसोक्त रडले. मामांनी कुणाला तिकडे फिरकू दिलं नाही. "फरशी ओली आसा," असं सांगून ते सगळ्यांना दुसऱ्या जिन्याने पाठवत होते. फरशी कोरडी होती.

घरी आल्यावर आईला सांगितलं, अजून सहा महिने. का, तेही सांगितलं. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "मला वाटलं, ओरडले म्हणून तू रुसून बसलीस त्या दिवशी," ती म्हणाली. मग, "खोट्याचा भात गोड लागला असता, पचला नसता." आणि लाटणं पुन्हा सुरू. वडिलांनी एवढंच विचारलं की क्लास घेशील का. मी मालाडला एका क्लासमध्ये सकाळी दहावीला विज्ञान शिकवायला लागले आणि तिथून लॅब गाठायचे. दुकानदाराला पुन्हा "होतंय" म्हणायला लागले. तो बिचारा आता विचारताना चाचरायचा. मी मात्र पूर्वीपेक्षा मोठ्याने सांगायचे.

मॅडमनी मुदतवाढीच्या अर्जावर सही केली. आठवड्याने मी लॅबमध्ये गेले तर डिस्टिल्ड पाणी साठवायला दोन नवे कॅन ठेवलेले, आणि त्यांवर मॅडमच्या अक्षरात लिहिलेलं: फक्त धुण्यासाठी, कुणी हात लावू नये.

आता प्रत्येक भांड्याला स्वतंत्र पाणी, प्रत्येक वेळी नवं. पहिल्यांदा पाणी बदलायची वेळ आली तेव्हा मी भांडं उचलून मोरीशी उभी राहिले आणि हात वाकेचना. नितळ पाणी मोरीत ओतायचं म्हणजे मला आई मागे उभी असल्यासारखं वाटत होतं. मामांनी बघितलं. त्यांनी बादली आणून माझ्या पायाशी ठेवली. "मोरीत कशाक? हयसर ओत. माका लादी पुसूक होयीच आसा." मी ओतलं. मग ते कॉरिडॉर पुसायला गेलं, म्हणजे वरून खाली, आईच्या नियमाने. त्या दिवसापासून माझा हात कधी अडला नाही.

प्रत्येक बदललेल्या पाण्याचा थेंब मी जांभळ्यात घालून बघायचे. सुरुवातीला तो पिवळा व्हायचा, मग फिकट, मग जेमतेम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबायचं पुस्तकात लिहिलेलं होतं. मी जांभळा जसाच्या तसा राहीपर्यंत थांबले नाही, आणि त्याला सात दिवस लागले. प्रत्येक खेपेला ओळीच्या शेवटी, स्वतःच्या वेगळ्या पाण्यात, एक रिकामी पिशवी असायचीच. लॅबमधली नवी मुलं तिला माझं लाडकं बाळ म्हणायची. म्हणू देत.

शेवटची तपासणी केली तेव्हा मॅडम आणि मामा दोघंही होते. कपाट उघडलं. मूळच्या बहुशर्करेने हिवाळ्यासारखंच जांभळ्याला नुसतं चाटून सोडलं होतं. गॅलिक जोडलेलीने रंग उतरवला होता, पण पिवळा नाही, फिकट जांभळा. आधीच्या त्या झगमगीत निकालाच्या निम्माही नाही. आणि रिकाम्या पिशवीची नळी तशीच्या तशी, गडद. मला सगळ्यात जास्त आनंद तिचा झाला. तिच्यात काहीही झालं नव्हतं, म्हणून बाकीच्या दोघींत जे झालं ते खरं होतं. जोडणीने गुण वाढला होता. थोडा वाढला होता, पण तो कुणाच्या उसन्या पाण्याचा नव्हता. मॅडम म्हणाल्या, "बरं." आणि चहा मागवला.

प्रबंध लिहिताना पद्धतीच्या प्रकरणात मी एक वाक्य घातलं: धुण्याचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वापरू नये, कमी शुद्ध पाणी अधिक शुद्ध वस्तूकडे कधीही नेऊ नये. अशा वाक्याला संदर्भ द्यावा लागतो, हे कुठून घेतलं ते. छापील काही नसेल आणि कुणी तोंडी सांगितलं असेल तर "व्यक्तिगत संवाद" म्हणून त्या व्यक्तीचं नाव द्यायची रीत आहे. मोठमोठ्या प्रोफेसरांची नावं अशी येतात. मी आईचं नाव लिहिलं, पूर्ण, आणि पुढे: गृहिणी व स्वयंपाकी, घाटकोपर, व्यक्तिगत संवाद.

अंतिम तोंडी परीक्षेला तेच सर आले. त्यांनी ते पान काढून ठेवलेलंच होतं. "हा विनोद आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही सर, संदर्भ आहे." ते म्हणाले, "हा काढा आणि मग जमा करा." मी म्हटलं, "नाही काढणार. दुसऱ्या कुणाकडून मी हे शिकलेच नाही. दुसऱ्याचं नाव घातलं तर ती चोरी होईल." मला वाटलं, झालं, पुन्हा सहा महिने. तेवढ्यात मॅडम बोलल्या. माझ्याकडे न बघता, सरांकडे बघून म्हणाल्या, "राहू दे सर. मी तपासलाय. संदर्भ अचूक आहे."

तो राहिला. बांधलेला प्रबंध घरी आणला त्या दिवशी मी आईला ते पान उघडून दिलं. आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण आधार कार्डामुळे इंग्रजीतलं स्वतःचं नाव तिला ओळखता येतं. तिने पदराला हात पुसले आणि ओळीखालून बोट फिरवत ते शोधलं. सापडल्यावर बोट तिथेच ठेवून विचारलं, "हे इथं कशाला लिहिलंस?"

"कारण हंड्याचं तू सांगितलंस."

"ते काय," ती म्हणाली, "सगळ्यांनाच माहीत असतं गं."

"नाही आई," मी म्हटलं. "नसतं."